ज्यादा तारा आणि पलटणीची मोटार

आपल्याजवळ जे ज्यादा आहे ते दुसऱ्याला द्यावं, ही या मातीची शिकवण आहे. ताटातला घास असो, कणगीतला दाणा असो की आडातलं पाणी, आपली गरज भागून उरेल ते शेजाऱ्याचं, असं जुनी माणसं सांगत आली. फक्त उरलं की नाही हे ठरवायचं कुणी, एवढं सांगायचं त्यांच्याकडून राहून गेलं. कृष्णा-येरळा वीज महामंडळाने १९९७ साली ही उणीव भरून काढली. ते साहेबांनी ठरवायचं, असं महामंडळाच्या सांगलीच्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावर, काजू-बिस्किटांच्या साक्षीने ठरलं.

साहेबांचं नाव टोणपे, हुद्दा अधीक्षक अभियंता. माणूस वाईट नव्हता; नुकताच हैदराबादच्या एका हॉटेलातलं चर्चासत्र आटोपून आला होता, एवढंच. त्या चर्चासत्रात त्यांना असं समजलं होतं की वीज विकून आजवर कुठल्याच वीज खात्याचं भलं झालेलं नाही. भलं होतं ते पडून असलेलं भाड्याने देऊन. परत आल्यापासून ते आपल्याकडे काय काय पडून आहे ते शोधत होते. माणसं पुष्कळ पडून होती, पण ती कुणी भाड्याने घेईना. मग त्यांची नजर वर गेली.

शेताशेतांतून उभ्या असलेल्या उच्च दाबाच्या मनोऱ्यांवर सगळ्यात वर एक तार असते. आभाळातली वीज पडलीच तर तिच्यावर पडावी, एवढंच तिचं काम. ती जुनी तार उतरवून महामंडळाने नुकतीच नवी चढवली होती, आणि तिच्या पोटात केसासारख्या बारीक काचेच्या तारा होत्या. त्यांतून बोलणं जातं, आकडे जातात, चित्रंसुद्धा जातात. अशा काचेच्या तारा होत्या बारा. महामंडळ बोलून बोलून किती बोलणार? चार पुष्कळ झाल्या. आठ उरल्या. शिवाय सबस्टेशनांच्या आपापसातल्या बोलण्यासाठी वायरलेस होता. आता बोलणं काचेतून होणार म्हटल्यावर तोही उरला. वायरलेसचे उंच लोखंडी मनोरे उरले. त्यांच्यावर कावळे बसत, आणि कावळे भाडं देत नव्हते.

भाडं द्यायला पुण्याहून गरुडवाणी नावाची कंपनी आली. ती पेजरचा धंदा करायची. पेजर म्हणजे कमरेला लावायची काडेपेटी. कुणी निरोप धाडला की ती चिवचिवते आणि तिच्या काचेवर अक्षरं उमटतात. उलट उत्तर मात्र देता येत नाही. हुकूम सोडायची सवय असलेल्या लोकांत ती लवकर लोकप्रिय झाली, ती यामुळेच. गरुडवाणीने आठ तारा घेतल्या, वायरलेसच्या लहरींचा पट्टा घेतला, मनोरे घेतले. प्रत्येक मनोऱ्याखाली तिचं एकेक यंत्र बसणार होतं, आणि त्या यंत्राला अखंड वीज द्यायची महामंडळाने हमी घेतली. महामंडळाने अखंड वीज द्यायची हमी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला दिली. ज्यांना ती वर्षानुवर्षं हवी होती ते गिऱ्हाईक होते. कंपनी भाडेकरू होती. भाडेकरूचा मान वेगळा.

त्यातला एक मनोरा बोरजाईवाडीला होता. बोरजाईवाडी हे कृष्णाकाठचं गाव. कुंडलचा बाजार करणारं, उसावर जगणारं आणि घरटी एक पोरगा फौजेत धाडणारं. गावाबाहेर माळावर सबस्टेशन, सबस्टेशनात मनोरा, मनोऱ्याखाली खोली, खोलीत वायरलेसचा डबा आणि डब्यासमोर ऑपरेटर प्रबुद्ध खरात. हा गावातल्याच बौद्धवस्तीतला. सांगलीला डिप्लोमा करून, अर्ज करकरून अखेर आपल्याच गावच्या माळावर नोकरीला लागलेला.

वायरलेसवर लोडचे आकडे सांगायचे हे त्याचं कागदावरचं काम. कागदावर नसलेलं काम पावसाळ्यात यायचं. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की धरणाच्या पायथ्याच्या वीजघरातून आप्पासो नावाचा ऑपरेटर वायरलेसवर म्हणायचा, "सोडलं बरं का गड्यांनो." ते एकाच वेळी काठच्या सगळ्या सबस्टेशनांत ऐकू जायचं. मग जो तो ऑपरेटर आपापल्या गावाची लाइट तीनदा घालवायचा आणि तीनदा आणायचा. दिवसा असेल तर पिठाची गिरणी तीनदा गप्प व्हायची. तिन्हीसांजेला असेल तर घराघरातला बल्ब तीनदा मिटायचा. तेवढ्यावर सगळा काठ उठायचा. कारण ऊस पाजायच्या मोटारी नदीच्या अंगाला खाली बसवलेल्या, आणि वरचं पाणी तास-दीड तासात येऊन भिडणारं. तेवढ्यात नट खोलायचे, दोर बांधायचा आणि मोटार दरडीवर ओढून काढायची. ही रीत कुणी पाडली ते कुणाला माहीत नव्हतं. कुठल्याही परिपत्रकात ती नव्हती. म्हणूनच ती कधी चुकली नव्हती.

या मोटारींत एक होती पलटणीची मोटार. चार घरांत मिळून घेतलेली. चारी घरचे बापय फौजेत. कुणी राजस्थानात, कुणी आसामात, दोघं काश्मीरकडे. त्यामुळे मोटार चालवायची बायकांनी, बिघडली तर शिव्या द्यायच्या बायकांनी आणि पुराआधी ओढून काढायची तीही बायकांनीच. त्यांची म्होरकी तानुबाई. तिच्या घरात चुलीच्या मागे खुंटीला उलथन्याशेजारी मोटारीचा पाना टांगलेला असे, आणि स्वयंपाकात ती चुकून दोन्हींपैकी कुठलंही उचलू शके.

मोटार नसेल तर काय, हे तानुबाईला चांगलं ठाऊक होतं. शेजारचा मळा सरपंच भाऊसोचा. त्याची पाइपलाइन त्यांच्या बांधावरून जायची. मोटार घेण्याआधी या चारी घरांचा ऊस भाऊसोच्या पाण्यावर होता. पाण्याच्या बदल्यात तो उसात वाटा घ्यायचा आणि वाट्याखेरीज खुरपणीला या घरातल्या बायकाही मोजून घ्यायचा. चार फौजींनी मोटार घेतली ती त्यासाठी. मोटार गेली तर परत भाऊसोचं दार, एवढा साधा हिशेब होता.

मार्चमध्ये टोणपे साहेब स्वतः यंत्र बसवायला आले. मनोऱ्याला हार घातला, यंत्रापुढे नारळ फोडला, आणि जमलेल्या गावाला नवी सूचना सांगितली. फिडर, म्हणजे सबस्टेशनातून गावाला वीज नेणारी लाइन, विनाकारण बंद करायचा नाही. कंपनीचं यंत्र त्याच फिडरवर आहे, आणि ते एकदा बंद पडलं की पुण्याहून माणूस येऊन चालू करावं लागतं.

"आवं सायेब," तानुबाई म्हणाली, "मग धरणाचं पाणी सोडलं ह्ये आमाला कसं कळायचं?"

साहेबांना या प्रश्नाची वाटच होती. "मावशी, लाइट घालवून निरोप द्यायचे दिवस गेले. आता निरोप अक्षरांत येणार. थेट."

"कुणाकडं?"

"सरपंचांकडे. कंपनीने गावाला दोन पेजर भेट दिलेत. एक सरपंचांना, एक सोसायटीच्या चेअरमनना."

भाऊसोने तोवर पेजर कमरेला लावला होता आणि धोतराच्या सोग्याने तो झाकला जाऊ नये म्हणून एका अंगावर कलून उभा होता.

"आन सरपंच कुठं असत्यात?" तानुबाईने विचारलं.

हा प्रश्न तांत्रिक नव्हता, त्यामुळे साहेबांनी त्याचं उत्तर दिलं नाही.

"लाइट जाती ती समद्यांच्या घरातनं जाती," तानुबाई म्हणाली. "माळ्याच्या, मांगाच्या, माज्या, सरपंचाच्या. ही डबी एकल्याच्या कमरंला."

"तानाक्का," भाऊसो म्हणाला, "माज्या कमरंवर इस्वास न्हाई व्हय तुमचा?"

"कमरंवर हाय वं. ती कुठं जाऊन बसंल त्येचा न्हाई."

लोक हसले. टोणपे साहेबही हसले, कारण ग्रामीण जनतेत मिसळताना हसावं असं चर्चासत्रात सांगितलं होतं. मग ते जीपमध्ये बसून गेले. वायरलेसचा डबा त्यांनी सोबत नेला. त्याच्या जागी प्रबुद्धच्या टेबलावर काचेच्या तारेवरचा नवा टेलिफोन आला. तो फक्त सांगलीला लागायचा. पूर्वी आप्पासो बोलला की काठ ऐकायचा. आता आप्पासो सांगलीला सांगणार, आणि सांगलीला जे सांगावंसं वाटेल ते सांगली इतरांना सांगणार.

जूनमध्ये पहिलं थोडं पाणी सोडलं, तेव्हा सांगलीहून प्रबुद्धला नुसतं कळवण्यात आलं. त्याने सवयीने हात घातला आणि तीनदा लाइट घालवली. बायकांनी मोटार काढली. तानुबाई सबस्टेशनच्या तारेच्या कुंपणाशी येऊन म्हणाली, "सायबाचा हुकूम कागदाला. आपला प्रबुद्ध आपल्याला. व्हय का न्हाई रं?"

प्रबुद्ध नुसता हसला. आठ दिवसांनी त्याला मेमो आला. कंपनीचं यंत्र बंद पडून पुण्याचा माणूस बोलवावा लागला. पुन्हा असं झाल्यास नोकरीवरून कमी करण्यात येईल. त्याने तो मेमो बायकोलाही, दीपमालालाही दाखवला नाही, मग तानुबाईला कुठून दाखवणार? गावासाठी आपण मार खाल्ला, हे गावाला सांगत फिरणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यामुळे बोरजाईवाडीला एवढंच ठाऊक राहिलं की हुकूम आला तरी लाइट जाते.

ऑगस्टमध्ये धरण भरलं. एका संध्याकाळी सगळे दरवाजे उघडायचं ठरलं आणि उघडले. आप्पासोने काचेच्या तारेवरून सांगलीला कळवलं. आवाज असा स्वच्छ गेला की त्याचा दमा सांगलीत ऐकू आला. सांगलीने पुण्याला कळवलं, पुण्याने दोन पेजरांना. वाचकांना सांगायला आनंद वाटतो की या सगळ्यात यंत्रणेचा कुठेही बिघाड झाला नाही. निरोप ताबडतोब पोचला.

पहिला पोचला तासगावला. भाऊसो तिथे एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याकडे लेकीची सोयरीक जुळवायला गेला होता. पोह्यांच्या बशा पुढे असताना कंबर चिवचिवली. व्यापाऱ्याच्या घरात तसलं यंत्र अजून आलं नव्हतं. भाऊसोने पेजर काढून सगळ्यांना फिरवून दाखवला.

"बगा. तकडं धरणाचं दार उघडलं की हकडं आमच्या कमरंला कळतं."

व्यापाऱ्याचा भाऊ म्हणाला, "मग गावाकडं जायला नगं?"

"गावात दुसरा हाय की, चेअरमनकडं," भाऊसो म्हणाला. "यवस्थाच तशी केलीया. बसा तुमी."

दुसरा पेजर चेअरमन नाथाजीकडे होता खरा, पण नाथाजी सरळ माणूस. भेट सोसायटीला मिळाली, म्हणजे वस्तू सोसायटीची. सोसायटीची वस्तू घरी नेली तर उद्या लोक नावं ठेवतील, म्हणून त्याने तो पेजर पहिल्याच दिवशी सोसायटीच्या लोखंडी कपाटात कुलूपबंद केला होता. त्या संध्याकाळी तो कपाटात चिवचिवला. बाहेर दप्तर आवरणाऱ्या सचिवाला वाटलं, चिचुंद्री शिरली. त्याने कपाटावर चप्पल आपटली आणि ऑफिस बंद केलं.

यंत्रणेत बिघाड नव्हता तो असा.

माळावर प्रबुद्धला सांगलीच्या ड्युटीवरच्या इंजिनिअरचा फोन आला. "गेट उघडलेत. पेजर गेलेत. तू काही करायचं नाहीस."

"सर, मला हितनं खिडकीतनं काठ दिसतोय. एक माणूस न्हाई तिथं."

"पेजर गेलेत म्हणतोय ना."

"पोचले का?"

"गेले म्हणजे पोचले."

"मग सर, तीनदा लाइट घालवायची परवानगी द्या. एवढ्या वेळची."

"कंपनीच्या संमतीशिवाय देता येत नाही. करारात आहे. टोणपे साहेबांना विचारतो, थांब."

टोणपे साहेब मिरजेला एका सत्काराला होते. अर्थात त्यांचाच. त्यांच्या पेजरवर निरोप गेला. पेजरवरून उत्तर देता येत नसल्याने ते सत्कार संपेपर्यंत बसले, मग फोन असलेली जागा शोधली आणि सांगलीला सांगितलं की कंपनीची संमती घ्या. कंपनीचं पुण्याचं ऑफिस बंद झालं होतं.

मधल्या वेळात प्रबुद्ध गप्प बसला नव्हता. सबस्टेशन सोडून जाता येत नाही. गेला असता तर तो आणखी एक मेमो. कुंपणाबाहेरून कोंडीबा दुधाच्या किटल्या घेऊन सायकलवरून निघाला होता. प्रबुद्धने त्याला हाक मारली.

"कोंडीबा, तानुकाकीला जाऊन सांग, पाणी सोडलंय. लगोलग मोटार काढा म्हणावं."

कोंडीबाने सायकल थांबवली आणि माळावरच्या दिव्याकडे बघितलं. "लाइट तर गेली न्हाई?"

"ती घालवता येत न्हाई. तू सांग जा."

कोंडीबाने जाऊन सांगितलं. त्यात कसूर केली नाही. तानुबाई भाकरी थापत होती, मोटारीत वाटा असलेली शेजारची मनुबाई चुलीशी बसून बोलत होती. दोघींनी आधी कोंडीबाकडे बघितलं आणि मग बल्बकडे.

"जळतुया की," मनुबाई म्हणाली.

"प्रबुद्ध म्हनला, सोडलंय."

"प्रबुद्ध तोंडानं कवापास्नं सांगाय लागला?" तानुबाई म्हणाली. "सोडलं असतं तर त्यानं लाइट घालवली असती. जूनमदी घालवली, सायबाचा हुकूम असून घालवली. त्यो घालवल्याबिगर ऱ्हायाचा न्हाई. तू आज परत घुटका घेतलास काय रं?"

कोंडीबाने कधीतरी घेतलेला असायचा, हे त्याचं दुर्दैव. "म्या सांगायचं काम केलं," असं म्हणून तो पुढच्या घरी दूध घालायला गेला. तिथेही त्याने सांगितलं. तिथेही सगळ्यांनी बल्बकडे बघितलं. सगळ्या काठाने त्या संध्याकाळी बल्बकडे बघितलं, आणि तो इतका स्थिर जळत होता की बोरजाईवाडीत एवढी चांगली लाइट कुणी आजवर पाहिली नव्हती. ज्या खात्याची वीज दर पावसाळ्यात चार थेंब पडले की जाते, त्या खात्याने नेमकी त्या संध्याकाळी ती जाऊ दिली नाही.

प्रबुद्धने आणखी एकदा सांगलीला फोन लावला. उत्तर तेच. त्याने खिडकीतून पाहिलं; नदीचा रंग बदलला होता आणि काठ अजून रिकामाच होता. मग त्याने फोन तसाच टेबलावर ठेवला, पलीकडचा माणूस बोलत असताना, आणि जाऊन लाइट घालवली. आणली. घालवली. आणली. घालवली. आणली.

तानुबाईने पुढ्यातलं ताट तसंच सोडलं, खुंटीवरचा पाना ओढला आणि पळाली. मागोमाग मनुबाई आणि बाकीच्या दोघी दोर घेऊन. काठावर पोचल्या तेव्हा मोटारीच्या चौथऱ्याला पाणी लागलेलं होतं. तानुबाई कमरेएवढ्या पाण्यात उतरली. नट पाण्याखाली गेले होते, ते ती हाताने चाचपडून खोलत होती आणि एकेक नट सुटला की वर फेकत होती. मनुबाईने मोटारीला दोर घातला. वरून तिघी ओढत होत्या.

"अजून एक ऱ्हायलाय," तानुबाई ओरडली. "दम धरा."

दम त्यांनी धरला होता. पाण्याने धरला नाही. एक लोंढा आला, त्यात मुळासकट उपटलेली बाभळ होती, आणि त्या बाभळीने मोटार एका अंगाला फिरवली. राहिलेला नट आपोआप सुटला. दोर तिघींच्या तळव्यांची सालं काढत गेला. मनुबाईने दोर सोडून तानुबाईचा दंड धरला म्हणून तानुबाई वर आली. मोटार गेली. काठावरच्या इतर मोटारी गेल्या त्या वेगळ्या. भाऊसोची मोटार उंचावर काँक्रीटच्या खोलीत होती. तिला काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊसो तानुबाईच्या दारात आला. पेजर त्याने त्या दिवशी लावला नव्हता.

"तानाक्का, झालं ते लय वाईट झालं. ऊस वाळू देऊ नगा. पाऊस उघडला की माजं पानी हायच. आदीसारकंच, वाट्यानं."

"तुमी तासगावास्नं कवा आला?" तानुबाईने विचारलं.

"दुसऱ्या दिशी. का वं?"

"सोयरीक जुळली का?"

"जुळली."

"बरं झालं," तानुबाई म्हणाली. "यका घरात तरी निरोप कामाला आला." आणि आत गेली. चहा विचारला नाही. आमच्याकडे चहा न विचारणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं, भाऊसोला कळलं.

महामंडळाने चौकशी नेमली. मोटारी वाहून गेल्याची नव्हे. मोटारी महामंडळाच्या नव्हत्या. चौकशी होती ऑपरेटर प्रबुद्ध खरात याने परवानगीशिवाय फिडर तीन वेळा बंद करून भाडेकरूच्या यंत्राचा पुरवठा खंडित केल्याची. तारीख पडली तशा तानुबाई, मनुबाई आणि बाकीच्या दोघी एसटी धरून सांगलीला गेल्या. शिपायाने अडवलं. तानुबाईने त्याला सांगितलं की आमचे मालक शिपाई आहेत, खरे, बंदूकवाले. तू बाजूला हो. तो झाला.

टोणपे साहेबांनी त्यांना खुर्च्या दिल्या. समजावून सांगितलं. "मावशी, निरोप गेला होता. सुटला त्याच मिनिटाला पोचला. आमच्याकडे नोंद आहे. यंत्रणेत दोष नाही."

"मोटार गेली," तानुबाई म्हणाली.

"त्याचं मलाही दुःख आहे. पण हा ऑपरेटर..."

"त्येनं लाइट उशिरा घालवली म्हनून त्येला शिक्षा करत असाल तर करा. आमी बी त्येला बोलनार हाय, घरी गेल्यावर. पर घालवली म्हनून करत असाल तर आदी आमाला सांगा, ती लाइट कुणाची?"

"महामंडळाची."

"आन तार?"

"महामंडळाची."

"आन ज्या रानात तुमचा लोखंडी खांब हुबा हाय ते रान?"

एक मनोरा मनुबाईच्या उसात उभा होता. त्याच्या चार पायांत काही पिकत नव्हतं, आणि त्याचं भाडं तिला कुणी कधी देऊ केलं नव्हतं.

"आमच्या रानात हुबं ऱ्हायचं, आमच्या डोक्यावरनं तार न्यायची, आन त्यातली आठ उरली म्हनून पुण्याच्या मानसाला द्यायची," तानुबाई म्हणाली. आवाज तिने चढवला नव्हता. "द्या. आमचं काय म्हननं न्हाई. आमी काय तार मागितली न्हाई. आमी अंधार मागितला हुता सायेब. तीनदा. यका डोळ्याच्या लवण्याएवढा. वर्साचे बाकीचे दिस तुमी त्यो फुकट देता."

चौकशी अधिकाऱ्याने हे लिहून घ्यावं की नाही असं टोणपे साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान हलवली. नाही.

मग चौकशीत प्रबुद्धचा जूनमधला मेमो वाचून दाखवला. प्रबुद्ध कोपऱ्यात उभा होता. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "काकी, मी लवकर घालवायला पाहिजे होती."

"पाहिजेच हुती," तानुबाई म्हणाली. "आन मेमो आला हुता तर सांगायला बी पाहिजे हुतं, मुडद्या. म्या त्या सांजंला बल्बाकडं बघून तुला शाबासकी देत हुते." मग तिने पिशवीतली दशमी काढून त्याच्या हातावर ठेवली. एसटी यायला वेळ होता.

प्रबुद्धची नोकरी वाचली, पण वेतनवाढ रोखली आणि त्याची बदली जतला झाली. तिथे नदी नाही.

पुढे सांगलीच्या एका वर्तमानपत्राने काठच्या मोटारींची बातमी आतल्या पानावर छापली, आमदारांनी विचारलं, आणि महामंडळाने समिती नेमली. समितीने नदीकाठच्या गावांना भेटी दिल्या आणि असं मत दिलं की पूरसूचनेसाठी स्थानिक परिस्थितीला अनुरूप, कमी खर्चाची, सर्वांना दिसेल अशी एखादी पद्धत विकसित करावी. ती विकसित करण्यात आली. नाव ठेवलं दीपसंकेत प्रणाली. त्यात लाइट तीनदा घालवून तीनदा आणायची होती. गरुडवाणीची हरकत येण्याचा प्रश्न नव्हता. मोबाइल येणार अशी हवा होताच तिने पेजर गुंडाळले होते, आणि आठही तारा पुन्हा उरल्या होत्या. १९९९ च्या मे महिन्यात टोणपे साहेबांनी, जे आता मुख्य अभियंता झाले होते, बोरजाईवाडीला येऊन दीपसंकेत प्रणालीचं उद्घाटन केलं. भाषणात ते म्हणाले की ही कल्पना त्यांना हैदराबादला सुचली. मग त्यांच्या हस्ते लाइट तीनदा गेली आणि तीनदा आली. गावाने टाळ्या वाजवल्या.

पलटणीच्या बायका आल्या नव्हत्या. त्यांनी पुराच्याच वर्षी दिवाळीत मोटारीचं विजेचं कनेक्शन तोडून घेतलं होतं आणि चाकावरचं डिझेल इंजिन घेतलं होतं. पाणी पाजून झालं की बैल जुंपून त्या ते घरी आणतात.